चिमणीच्या भेगेचे दोन फोटो

लहानू मेश्रामच्या स्टँडनं मान टाकली ती ऐन वेळी, आणि तीही चौदा घरांच्या देखत.

विहाराच्या सिमेंटच्या ओट्यावर त्यानं सकाळीच कॅमेरा लावला होता. कॅमेऱ्याला जोडलेली लेन्स म्हणजे हातभर लांब नळकांडंच, वजन साडेतीन किलो. समोर तीनशे फुटांवर बंद पडलेल्या जिनिंग मिलची चिमणी उभी होती. सव्वाशे फूट उंच, विटांची, अंगावर ठिकठिकाणी लोखंडी पट्टे आवळलेली. तिच्या वरच्या अंगाला एक भेग होती. लहानू ती भेग काचेत धरायचा, स्क्रू करकचून आवळायचा आणि हात काढायचा. हात काढला की लेन्स डुलकी लागल्यासारखी हळूहळू खाली झुकायची. भेग निघून जायची आणि तिच्या जागी मिलचं गंजलेलं छप्पर दिसायचं.

जमलेले पोट्टे हसले. ओट्याशेजारी खाटेवर बसलेला धोंडबाही हसला.

"तुह्या मशीनले झोप येऊन राहिली गा, लहानू," तो म्हणाला. "आन् माही चिमणी पाहा, कशी ताठ उभी हाय!"

धोंडबानं त्या मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं काम केलं होतं. मिल बंद पडून आठ वर्षं झाली तरी चिमणी त्याला आपलीच वाटे. मिलच्या भिंतीला लागून जुन्या कामगारांची चौदा घरं होती, त्यातलं पहिलं त्याचं आणि सहावं लहानूच्या मोठ्या बहिणीचं, रुख्मिणीचं. होळीच्या आठवड्यात गारपीट झाली तेव्हा चिमणीच्या टोकाच्या अकरा विटा खाली आल्या. एक वीट रुख्मिणीच्या घराची कौलं फोडून थेट तिच्या शिलाई मशीनवर पडली. ती पाण्याला गेली होती म्हणून वाचली.

त्यानंतर कचेरीतून इमारतींची पाहणी करणारे ओव्हरसियर गणपतराव आले. चिमणीवर चढायची लोखंडी शिडी कधीच गंजून गेली होती. त्यांनी खालूनच बराच वेळ पाहिलं.

"भेग आहे, हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण ती वीस वर्षांपूर्वीची असेल तर? मालक कोर्टात हेच म्हणेल. भेग वाढते आहे असं मला कोणी दाखवलं, तर त्याच दिवशी कागद हलवतो."

"मी दाखवतो साहेब," मागून लहानू बोलून गेला.

बोलला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर घरच्या कपाटातली ती लेन्स होती. नागपुरातल्या इंदोऱ्यात त्याचा छोटा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, नोकरीच्या अर्जाचे फोटो, यावर घर चालायचं. जंगल खात्यातले एक साहेब रिटायर होऊन गावी गेले तेव्हा त्यांच्या जुन्या सामानातून त्यानं ती हौसेनं घेतली होती. जर्मन बनावटीची, पाचशे एमएमची. लग्नात तिचा काय उपयोग? वर्षभर ती कपाटातच पडून होती. त्याची बायको कौसल्या तिला तोफ म्हणायची.

आता तोफ बाहेर निघाली होती, पण तिला उभं करायला गाडा नव्हता. स्टुडिओतलं अॅल्युमिनियमचं स्टँड साध्या कॅमेऱ्यापुरतं होतं. त्या सकाळी त्यानं स्टँडच्या मानेखाली लाकडाची पाचर ठोकून कसेबसे फोटो काढले. रोल धुतला तर प्रत्येक फोटोत चिमणीला दोन-दोन कडा. भेग आहे की फोटोवर काळा केस पडलाय, कळेना.

दुसऱ्या दिवशी लेन्स धोतराच्या फडक्यात गुंडाळून तो सीताबर्डीला गेला. व्हरायटी चौकाच्या अलीकडे ओमप्रकाशचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. लहानू त्याच्याकडूनच रोल आणि कागद घ्यायचा. ओमप्रकाशनं फडकं सोडलं आणि तोंडानं शीळ घातली.

"अरे बाप! लहानूभाऊ, शादीचे फोटो आता दुसऱ्या गावातून काढता का?"

लहानूनं सगळी हकीकत सांगितली: तीन हफ्त्यांच्या अंतरानं तोच फोटो दोनदा काढायचा, म्हणजे भेग वाढली का ते कळेल. ओमप्रकाशचं हसू मावळलं. त्यानं काउंटरवर तीन वस्तू आणून ठेवल्या. पहिली एका पायाची, काठीसारखी. तिला मोनोपॉड म्हणतात, तो म्हणाला. दुसरं देशी बनावटीचं अॅल्युमिनियमचं स्टँड. तिसरं परदेशी, काळं, जाडजूड, कोणीतरी वापरून विकलेलं.

लहानूनं किमती विचारल्या आणि हात आपोआप काठीकडे गेला. पंच्याहत्तर रुपये.

"ते सोडा," ओमप्रकाश म्हणाला. "मॅचचे फोटो काढणाऱ्याले हे चांगलं. वजन हातावरून उतरते, माणूस इकडून तिकडे फिरू शकते. पण याचा एकच पाय, बाकीचे दोन तुमचेच राहतात. तुम्हाले तीन हफ्त्यांनी त्याच जागेवरून, तसाच फोटो पाहिजे. याच्यानं नाही होणार."

मग त्यानं देशी स्टँडवर लेन्स चढवली, लहानूला काचेतून समोरच्या दुकानाची पाटी पाहायला सांगितली आणि स्टँडच्या पायाला बोटानं टिचकी मारली.

"मोजा."

लहानूनं मोजलं. पाटीवरची अक्षरं थरथरत राहिली ती सातपर्यंत.

"याचा सगळ्यात खालचा तुकडा पाहा, पेन्सिलीएवढा. एवढं वजन तो नाही झेलत. आता हे."

परदेशी स्टँडवर टिचकी मारली तर अक्षरं एकाच्या आतच थांबली. लहानूनं किंमत पुन्हा विचारली, जणू मघाशी चुकीची ऐकली असावी. अकराशेच होती. त्यानं स्टँडच्या पायावरून एकदा हात फिरवला आणि गुपचूप फडकं गोळा करायला लागला.

"काहून निघाले? बसा ना," ओमप्रकाश म्हणाला. "सच सांगतो, धंद्याची गोष्ट सोडून. पैसे स्टँडच्या डोक्यावर खर्च करा, पायांवर नाही. पाय कुठूनही आणा. लाकडाचे आणा, जाड आणा. लाकूड थरथर पिऊन टाकते."

खालच्या खणातून त्यानं एक पितळी-लोखंडी डोकं काढलं. कोण्या साहेबाच्या स्टँडचे पाय जीपखाली आले होते आणि वरचा भाग तेवढा वाचला होता. साठ रुपयांत त्यानं तो दिला. वर लेन्सच्या मधोमध असलेल्या कडीवर बोट ठेवलं.

"आणि स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाले नका लावू. लेन्सच्या गळ्यात हा पट्टा आहे ना, त्याले लावा. तोल मधात येते, मग ती मान नाही टाकत."

त्या कडीला भोक कशाला ठेवलंय, हे लहानूला वर्षभर कळलं नव्हतं. तो स्वतःशीच हसला.

पाय मिळाले इतवारीत, भंगारवाल्यांच्या रांगेत. जमीन मोजायच्या दुर्बिणीचं जुनं सागवानी स्टँड, मनगटाएवढ्या जाडीचे पाय आणि टोकांना लोखंडी नाळा. भंगारवाला ते सरपणात काढायला निघाला होता. तीस रुपये म्हणाला, पंचवीसला दिलं. त्याचा वरचा आटा मोठा आणि कॅमेऱ्याच्या डोक्याचा लहान. कामठी रोडवरच्या एका लेथवाल्या टर्नरनं दोघांना जोडणारी पितळी चकती करून दिली. सगळं मिळून शंभराच्या आसपास गेलं. घरी आणून लहानूनं लेन्स चढवली, वजनासाठी बुडाशी मधोमध दोरीनं पाटा टांगला आणि कौसल्येला म्हणाला, "आता याच्याभोवती चाल. पाय आपटत चाल."

कौसल्या पाय आपटत तीन फेऱ्या चालली. लहानूच्या डोळ्यासमोर खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला होला होता. त्याचं पीसन् पीस स्थिर होतं.

"हललं का?"

"नाही वं. जराही नाही."

एप्रिलच्या नऊ तारखेला त्यानं पहिला खरा फोटो काढला. सकाळी सहाला तो ओट्यावर होता, कारण आठ वाजले की नागपूरचं ऊन तापायला लागे आणि लांबच्या लेन्समध्ये हवाच पाण्यासारखी हलताना दिसे. मग स्टँड कितीही दणकट असो, उपयोग नाही. स्टँडचे तीन पाय जिथे टेकले तिथे त्यानं ओट्यावर लाल रंगाचे तीन ठिपके केले. पलीकडच्या रुळावरून मालगाडी निघाली तेव्हा ओटा हादरला. तो थांबला. गाडीचा शेवटचा डबा गेला, झाडाचं पानही हलेना, तेव्हा त्यानं कॅमेऱ्याला हात न लावता वायरचं बटण दाबलं. एकामागून एक सहा फोटो.

"झालं का तुहं?" धोंडबानं खाटेवरून विचारलं.

"अर्धं झालं, बुवा. अर्धं तीन हफ्त्यांनी."

तीस एप्रिलला पुन्हा तेच ठिपके, तीच वेळ, तीच मालगाडी. रोल धुवून दोन्ही दिवसांचे फोटो मोठे करताना लहानू अडखळला. एक फोटो जरा जास्त मोठा झाला तर भेगही मोठी दिसणार. मग कोणीही म्हणेल, फोटोवाल्याची करामत आहे.

कौसल्या फोटोंवरचे पांढरे डाग बारीक कुंचल्यानं भरायचं काम करायची. तिची नजर सुईसारखी होती. ती म्हणाली, "भेग नका मोजू, आधी विटा मोजा. दोन्हीत दहा विटांची उंची सारखी आली, की फोटो सारखे झाले. विटा तर काही वाढत नाहीत ना?"

तसंच केलं. दहा विटांची उंची पट्टीवर तंतोतंत जुळवली. मग दोघं खिडकीपाशी उजेडात बसली. पहिल्या फोटोत भेगेची रुंदी अर्ध्या विटेच्या जाडीएवढी होती. दुसऱ्या फोटोत सबंध विटेची जाडी तिच्यात मावून थोडी जागा उरत होती. शिवाय पहिल्या फोटोत भेगेवरून गेलेला लोखंडी पट्टा ताणलेला होता. दुसऱ्यात त्याचा खिळा निसटला होता आणि पट्ट्याचं एक टोक हवेत सुटलं होतं.

कौसल्येनं कुंचला खाली ठेवला. "रुख्मिणीबाईले आजच अठी घेऊन या," ती म्हणाली.

कचेरीत गणपतरावांनी फोटो पाहिले, मग निगेटिव्ह मागून घेतल्या, भिंग काढलं आणि स्वतः विटा मोजल्या. एकदा नाही, तीनदा. लहानू उभाच होता.

"जरा जरी हलला असता ना फोटो," शेवटी ते म्हणाले, "तर मी याला हात लावला नसता. बसा. चहा घ्या." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

दोन दिवसांत चौदा घरं रिकामी करायचा हुकूम आला. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे शाळा मोकळी होती. तिथल्या वर्गांत आणि व्हरांड्यांत सगळ्यांची सोय झाली. चिमणी पाडणारी माणसं पंधरा दिवसांनी येणार होती. मिलच्या भिंतीवर लाल अक्षरांत धोक्याची पाटी लागली आणि दोन्ही बाजूंना दोर बांधले गेले.

पण घर सोडणं कोणाला आवडतं? शाळेचा नळ सकाळी तासभरच यायचा. वर्गात पंखा नाही. पोट्ट्यांना घामोळं आलं. आणि चिमणी? ती उभीच. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. लोक लांबून तिच्याकडे पाहायचे आणि मग लहानूकडे. कोणी तोंडावर बोललं नाही, पण व्हरांड्यात पाठमोरं असताना त्याच्या कानावर आलं, "फोटोवाल्यानं घरदार सोडाले लावलं, बाप्पा."

धोंडबा तर उघड बोलायचा. तो शाळेत फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. दुपारी जेवून झालं की बकरी घेऊन दोराखालून वाकून आपल्या दारातल्या लिंबाखाली जाऊन बसायचा. दोनदा लहानूनं त्याला हाताला धरून परत आणलं.

"तीस साल तिच्या बुडाशी बसलो म्या," तो म्हणाला. "ती मले काय करन?"

एका संध्याकाळी रुख्मिणी लहानूजवळ येऊन बसली. गारपिटीत मोडलेलं मशीन तिनं दुरुस्त करून शाळेच्या कोपऱ्यात मांडलं होतं. "खरं सांग लहानू," ती हळूच म्हणाली, "तुले पक्कं दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं, बाई. कौसल्येनंही पाह्यलं, साहेबांनीही पाह्यलं."

पण तो घरी गेला आणि त्यानं फोटो पुन्हा काढून पाहिले. पुन्हा विटा मोजल्या. आकडा तोच येत होता. तरी त्यानं पट्टी खाली ठेवली नाही. आपण चुकलो असलो तर? चौदा घरांना उन्हात आणून बसवलं आणि चिमणी आणखी पन्नास वर्षं तशीच उभी राहिली तर?

मेच्या चौदा तारखेला दुपारी चार वाजता तो शाळेतच होता. पोट्ट्यांना रांगेत बसवून त्यांचा फोटो काढत होता, तेवढीच त्यांची करमणूक. एकाएकी आभाळ पिवळं झालं. वावटळ उठली, पत्रे थडथडले, वर्गांच्या खिडक्या आपटायला लागल्या. सगळे आत पळाले. आणि मग तो आवाज आला. आधी एक कडकड, मोठं झाड मोडावं तशी. मग शंभर ट्रक विटा एकदम ओतल्यासारखा लांबलचक गडगडाट. पायाखालची फरशी थरथरली. त्यानंतर काही क्षण फक्त वारा.

"पडली," कोणीतरी म्हणालं.

लहानूच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: सुटलो. मी चुकलो नव्हतो. त्या विचारासरशी तो होता तिथेच खाली बसला. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली, कारण रुख्मिणी व्हरांड्यात उभी राहून घराघराची माणसं मोजत होती आणि ओरडून विचारत होती, "धोंडबा कुठी हाय गा? कोणी पाह्यलं का धोंडबाले?"

कोणीच पाहिलं नव्हतं. त्याची खाट रिकामी होती. बकरीही नव्हती.

लहानू धावत सुटला. मागून पाच-सहा माणसं आली. विहाराच्या ओट्यापासून पुढे सगळं लाल धुळीनं भरलं होतं. हात पुढे केला तर दिसत नव्हता. धूळ जराशी बसली तेव्हा दिसलं. चिमणी बुडाशी माणूसभर उंचीची उरली होती, बाकी सगळी आडवी होऊन घरांच्या रांगेवर पसरली होती. पहिली आठ घरं विटांच्या ढिगाखाली गेली होती. लिंबाचा बुंधा मधोमध चिरला होता.

"धोंडबा!" लहानू ओरडला. "ओ धोंडबा!"

तो ढिगावर चढला आणि हातांनी विटा उचलून फेकायला लागला. विटा तापलेल्या होत्या. बाकीचेही लागले. लहानूच्या बोटांतून रक्त यायला लागलं, पण त्याला ते कळलं नाही. दोनदा हात धरून आणलं, तिसऱ्यांदा काहून नाही आणलं? एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"कोणाले शोधून राहिले गा?"

आवाज मागून आला, रुळाच्या बाजूनं. सगळे वळले. धुळीतून धोंडबा येत होता, डोक्यापासून पायापर्यंत लाल, एका हातात बकरीच्या गळ्यातला तुटका दोर आणि दुसऱ्या हातानं बकरीचा कान धरलेला.

"वावटळ आली तशी ही दोर तोडून पळाली," तो म्हणाला. "रुळापर्यंत पळवलं मले, हरामखोरनं."

लहानू ढिगावरून घसरत खाली आला आणि त्यानं म्हाताऱ्याला मिठीच मारली. मग धोंडबाची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. आपलं घर कुठे होतं, हेही आता ओळखू येत नव्हतं.

"तीस साल हिच्या पोटात कोळसा घातला म्या," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. डोळ्यांतल्या पाण्यानं गालावरच्या धुळीत दोन रेघा ओढल्या. लहानूही त्याच्याजवळ बसला. धोंडबानं त्याच्या दंडाला धरलं. "बरं झालं गा, तू आमाले हाकललं," तो म्हणाला. "मी नसतो निघालो. रुख्मिणीही नसती निघाली."

शाळेत ते पोचले तेव्हा वावटळ ओसरली होती. धोंडबाला पाहताच बायांनी एकच गलका केला. रुख्मिणीनं पुन्हा पहिल्यापासून माणसं मोजली, या वेळी बोटं दाखवून, मोठ्यानं. चौदाही घरं पूर्ण झाली. मग ती पायरीवर बसली आणि एकदम हसायला लागली. हसता हसताच पदर डोळ्यांना लावला.

"तुहं घर गेलं, बाई," लहानू तिच्याजवळ बसत म्हणाला. "पुरतं गेलं. कौलही नाही उरलं."

"गेलं तर गेलं," रुख्मिणी म्हणाली. "घर म्हणजे काय, विटाच तं हायेत. मी अठी बसून बोलून राहिली ना तुह्यासंगं? मंग?"

निरोप मिळून कौसल्या तोवर धावतपळत आली होती. तिनं आधी नणंदेला पाहिलं, मग धोंडबाला, मग नवऱ्याचे हात. तिनं बादलीत पाणी आणलं आणि त्याची बोटं एकेक करून धुवायला लागली. पाणी लाल झालं, ते फेकून तिनं दुसरं आणलं. झोंबत होतं, पण लहानूनं हात ओढून घेतला नाही. आता त्याला सडकून भूक लागली होती.

"काही खायले हाय का वं?" त्यानं विचारलं.

"भाकरी हाय, झुणका हाय," आतून कोणीतरी ओरडलं. "पण आधी त्या बुढ्याले आंघोळ घाला, मंग बसा पंगतीले!"